खिडकीतले मैदान

७ ऑगस्ट २०१०

आजपासून पुन्हा रोजनिशी लिहावयास घेत आहे. आमच्या लिपोव्हो गावाचा 'कामेनार' हा फुटबॉल संघ प्रथमच देशाच्या 'अ' गटात खेळणार आहे, आणि अशा घटनेची नोंद कोणीतरी शुद्ध भाषेत ठेवली पाहिजे. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राकडून ती अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्यांनी कालच्या अंकात गावाचे नाव दोनदा छापले आणि दोन्ही वेळा निराळे छापले.

मी शाळेत बल्गेरियन भाषा शिकवीत होतो. निवृत्त झालो तरी गाव मला अजून मास्तरच म्हणते. निवृत्तीच्या पुष्कळ आधीपासून मैदानावरची निवेदने मी करतो. रेषेलगत एक लाकडी टेबल, त्यावर ध्वनिक्षेपक, आणि मी उभा. खेळाडूंची नावे योग्य आघातासह उच्चारली जावीत, एवढा एकच माझा आग्रह असतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघराची खिडकी मैदानाकडे उघडते. माझी पत्नी नेव्हेना हिने इतक्या वर्षांत एकही सामना चुकविलेला नाही. मात्र ती खाली कधी आली नाही. खिडकीशी खुर्ची टाकून बसते. एवढी फुटबॉलची आवड मी दुसऱ्या कोणत्याही स्त्रीत पाहिलेली नाही.

परंतु महासंघाने आमचे मैदान नामंजूर केले आहे. प्रकाशझोत नाहीत, आसने नाहीत, पाहुण्या संघाच्या खोलीत गरम पाणी नाही. त्यामुळे आमचे 'घरचे' सामने जिल्ह्याच्या शहरात होतील. बसने दीड तास.

हे सांगितल्यावर नेव्हेना बराच वेळ मिरच्या निवडीत राहिली.

"म्हणजे इथे एकसुद्धा नाही?"

"मैदान सुधारले तर वसंतात होतील."

"वसंतात," ती म्हणाली. "फार लांब आहे हो."

मध्ये केवळ एक हिवाळा आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिले.

२१ ऑगस्ट

पहिला 'घरचा' सामना. राजधानीच्या संघाकडून ०–३. बचाव फळी पूर्णतः विस्कळीत. परक्या मैदानावर मला काचेच्या खोलीत बसविले होते. तेथून बदली खेळाडूंचे क्रमांकही धड दिसत नाहीत.

घरी आल्यावर नेव्हेनाला तिन्ही गोल क्रमाने समजावून सांगू लागलो. ती मध्येच म्हणाली, "उभं राहायला लागलं का? टोपी होती ना डोक्यावर?"

"खोलीत टोपी कशाला?"

"खोलीत होय," ती म्हणाली, आणि टेबल पुसू लागली. विश्लेषण ऐकण्याची चिकाटी तिच्यात राहिलेली नाही.

१८ सप्टेंबर

आज १–१. 'अ' गटातील पहिला गुण! परतीच्या बसमध्ये लोक इतके गात होते की एकाही गाण्याचा शब्द शुद्ध ऐकू आला नाही.

शहरात बसस्थानकावर एक योगायोग घडला. नेव्हेना आणि तळमजल्यावरची सीइका बाकावर बसलेल्या दिसल्या. सीइका पूर्वी परिचारिका होती. हिची जुनी मैत्रीण. लोकर घेण्यासाठी आलो, असे म्हणाल्या. लोकर मला दिसली नाही. विचारले, तर सीइका म्हणाली, "रंग नाही आवडला, मास्तर. तुमच्या बायकोला तुमच्याइतकंच पारखून लागतं." नेव्हेनाचा चेहरा पांढरा पडला होता. बस लागते तिला.

सामन्याच्याच दिवशी का आलात, असे मी विचारले. नेव्हेना म्हणाली, "तुम्ही घरी नसलात की मला करमत नाही."

२ ऑक्टोबर

हिवाळ्यासाठीची ल्युतेनित्सा, म्हणजे मिरच्या-टोमॅटोची चटणी, झाली. नेव्हेनाने दरवर्षीच्या दुप्पट बरण्या भरल्या. इतके कोण खाणार, असे मी म्हणालो. त्यावर तिने मला चुलीशी उभे करून मिरच्या कशा भाजायच्या, साल कधी काढायचे, टोमॅटो किती आटवायचा, हे सर्व माझ्याकडून करवून घेतले. मी अडतीस वर्षे शिकविले. शिकणे मला जड जाते. ती मात्र उत्तम शिक्षिका झाली असती. एकदाही रागावली नाही.

अलीकडे ती घरातही डोक्याला रुमाल बांधते, खेड्यातल्या म्हाताऱ्यांसारखा. मला ते रुचत नाही, आणि तसे मी स्पष्ट सांगितले. "थंडी वाजते," म्हणाली. ऑक्टोबरात!

२७ नोव्हेंबर

०–४. सोळा संघांत आम्ही शेवटून दुसरे.

मैदानाची देखभाल करणारा बोन्चो मात्र निराश नाही. गावच्या दगडखाणीतील माणसे रविवारी येऊन पायऱ्यांवर आसने बसवीत आहेत. महासंघाकडे जाणारे सर्व अर्ज मी लिहितो. बोन्चो म्हणतो, "मास्तर, तुमचा अर्ज वाचून त्या लोकांना आधी शब्दकोश आणावा लागेल, मग मैदान बघायला येतील." मी दुर्लक्ष केले. एक दिवस त्याने विचारले, "वहिनी कशा आहेत?" आणि टोपी काढली. त्याला इतके शिष्टाचार कोणी शिकविले कोणास ठाऊक.

नेव्हेना बरीच बारीक झाली आहे. नाताळचा उपवास ती यंदा फार कडक पाळते. वाडगाभर घेवड्याचे सूपही संपवीत नाही. धर्माचा एवढा अतिरेक बरा नव्हे, असे मी सांगितले. सीइका दिवसाआड जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देऊन जाते.

आज सामन्याचा निकाल न विचारता तिने विचारले, "आसनं किती बसली?"

"अर्धी."

"बोन्चोला म्हणावं, हात चालव जरा."

२४ डिसेंबर

नाताळची पूर्वसंध्या. नेव्हेनाने पाव स्वतः मळला, परंतु मध्येच बसावे लागले, म्हणून उरलेला मी मळला. पावात दडविलेले नाणे कोणाच्या वाट्याला येते ते पाहिले. पहिला तुकडा देवमातेचा, दुसरा घराचा, तिसरा माझा, चौथा तिचा. नाणे तिच्या तुकड्यात निघाले! म्हणजे वर्षभर आरोग्य तिचे. मी अंधश्रद्ध नाही. तथापि मला फार बरे वाटले, आणि मी तसे बोललोही.

ती हसली. म्हणाली, "बघा, आता तर मला राहायलाच पाहिजे."

स्पेनमधून मुलीचा, इस्क्राचा, दूरध्वनी आला. आईशी बोलताना बहुधा तिकडे सर्दी झालेली असावी. आवाज सारखा चोंदत होता.

२६ फेब्रुवारी

महासंघाची समिती येऊन गेली. आसने मोजली, गरम पाण्यात हात घातला, चार उसने प्रकाशझोत लावून पाहिले. समितीचे अध्यक्ष जाताना म्हणाले, "दुपारचे सामने खेळवायला हरकत नाही." ९ एप्रिलपासून आम्ही आमच्याच मैदानावर!

मी जिने जवळजवळ धावत चढलो. नेव्हेना पलंगावर होती. ऐकताच उठून बसली आणि माझा हात धरला. लग्नानंतर प्रथमच तिने मला दिवसाढवळ्या असे धरले असेल.

"तुम्ही टेबलाशी असणार ना? काचेच्या खोलीत नाही?"

"आपल्याकडे कुठली काचेची खोली?"

"मग मी एप्रिलपर्यंत थांबते," ती म्हणाली.

सीइका म्हणते, पित्त आहे. पित्ताने माणूस असा कंटाळतो. औषधाच्या नवीन थेंबांमुळे तिला झोपही फार येते.

१२ मार्च

आजचा प्रकार सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तो विपर्यस्त स्वरूपात सांगितला जाईल.

जिल्ह्याच्या शहरातला आमचा शेवटचा सामना. ०–०, शेवटची काही मिनिटे. आमच्या बचावपटूचा हात शरीराला चिकटलेला होता. चेंडू जवळून येऊन त्यावर आदळला. पंचांनी पेनल्टी दिली. मी ध्वनिक्षेपक सुरू केला आणि पुढील वाक्ये उच्चारली: "सन्माननीय प्रेक्षकहो, खेळाडूने चेंडूला हात लावलेला नाही. पंचांनी नियमावली पुन्हा एकदा वाचावी, ही त्यांना नम्र विनंती आहे."

या वाक्यांत एकही दोष नाही. शिवी नाही, आरोप नाही. तथापि लोकांनी प्रथम टाळ्या वाजविल्या, मग सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या फेकल्या, आणि मग कोणीतरी बाटली फेकली, ती सहायक पंचाच्या खांद्याला लागली. खेळ थांबला. पेनल्टीवर गोल झाला. ०–१.

बसमध्ये कोणी गायले नाही.

१७ मार्च

निर्णय आला. 'निवेदकाने प्रेक्षकांना चिथावणी दिल्याबद्दल' पुढचा घरचा सामना प्रेक्षकांविना खेळविला जाईल. निवेदकास दोन सामने मैदानात प्रवेश बंद. पुढचा घरचा सामना म्हणजे ९ एप्रिलचा. ज्यासाठी गाव सबंध हिवाळा दगड वाहत होते, तो गावाला पाहता येणार नाही.

रस्त्यात कोणी मला काही म्हणाले नाही, हे अधिक वाईट. एकटी सीइका जिन्यात आडवी आली. "तोंड मिटून उभं राहता आलं नाही तुम्हाला, मास्तर? दोन मिनिटं? ह्याच वेळेला?"

"नियमाचा प्रश्न होता."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम," ती म्हणाली, आणि रडू लागली. तिला फुटबॉलमध्ये एवढा रस असेल असे मला वाटले नव्हते.

नेव्हेनाला मीच सांगितले. ती डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "अख्ख्या गावाला वर्गाबाहेर उभं केलंत की हो."

मी म्हणालो, "तुला तरी दिसेल. खिडकीवर महासंघाची सत्ता चालत नाही. आणि मी तुझ्या शेजारीच असेन."

"शेजारी," ती म्हणाली. मग तोंड भिंतीकडे फिरविले. मला वाटते, ध्वनिक्षेपक माझ्या हातून गेला याचे तिला माझ्याइतकेच दुःख झाले.

२२ मार्च

इस्क्रा अकस्मात आली. रजा शिल्लक होती, म्हणते. आल्या आल्या आईजवळ बसली, ती जेवायलाही उठली नाही. मी तिला स्पेनमधील पगार, हवामान इत्यादी विचारले. तिने तुटक उत्तरे दिली. तिच्या बोलण्यात परभाषेतले शब्द फार येतात. टोकले नाही.

९ एप्रिल

लिपोव्हो येथील 'अ' गटाचा पहिला सामना. निकाल १–१.

फाटकाला साखळी, दोन पोलीस. गावकरी शाळेच्या छपरावर, टेकडीवर, दफनभूमीच्या भिंतीवर. मैदानात दोन्ही संघ, पंच, आणि टेबलाशी बोन्चो. त्याने नावे वाचली. एकाही नावाचा आघात जागेवर नव्हता.

आम्ही नेव्हेनाला उशा लावून तिच्या खुर्चीत बसविले. इस्क्राने तिला एका बाजूने धरले होते. मी खुर्चीमागे उभा राहून खेळ समजावून सांगत होतो. मैदान उत्तम दिसत होते.

"टेबलाशी कोण आहे?" नेव्हेनाने विचारले.

"बोन्चो."

"तो कशाला मेला?"

पाहुण्यांनी गोल केला तेव्हाही तिची नजर हलली नाही. मध्यंतर झाले तेव्हा तिने माझी बाही ओढली.

"मास्तर, तुम्ही जा ना खाली."

"मला बंदी आहे, नेव्हेना."

"माहीत आहे. तरी जा."

"मी कायदा मोडणारा माणूस नाही. शिवाय येथून सर्व दिसते."

"मला नाही दिसत," ती म्हणाली.

थेंबांमुळे तिची दृष्टीही मंदावली असावी. मी तिच्यासाठी चष्मा आणू लागलो. तेव्हा इस्क्रा ओरडली, "बाबा! चष्मा नको आणूस. कोट घाल आणि जा. आयुष्यात एकदा न विचारता जा!" ती माझ्याशी असे कधी बोललेली नाही. परंतु नेव्हेना माझ्याकडे पाहत होती, आणि आजारी माणसाचा हट्ट मोडू नये असा विचार करून मी कोट घातला. "टोपी," नेव्हेना म्हणाली. टोपीही घातली.

फाटकाशी माझा जुना विद्यार्थी पोलिसाच्या गणवेशात उभा होता. मी त्याला म्हणालो, "मला आत जाण्याची मनाई आहे, हे मला ठाऊक आहे."

त्याने साखळी सोडली. "मी तुम्हाला पाहिलेलं नाही, मास्तर. वाक्य बरोबर आहे ना?"

"वाक्य बरोबर आहे. विधान खोटे आहे."

"चालतंय," तो म्हणाला.

मी टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. बोन्चोने ध्वनिक्षेपक पुढे केला. मी घेतला नाही. उपस्थितीचा नियम मोडला होता, निवेदनाचा मोडणार नव्हतो. हात पाठीमागे बांधून नेहमीप्रमाणे मैदानाकडे तोंड करून उभा राहिलो. रिकाम्या मैदानात खेळाडूंच्या बुटांचा आवाज येतो, श्वासही ऐकू येतात. मला ते ठाऊक नव्हते.

बऱ्याच वेळाने बोन्चो म्हणाला, "मास्तर, जरा मागे वळून वर बघा की."

वळलो. आमची खिडकी उघडी होती. तेथे काहीतरी पांढरे हलत होते. हात होता की रुमाल, हे एवढ्या अंतरावरून मला सांगता येणार नाही. मी टोपी उचलली. तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला, म्हणून पुन्हा मैदानाकडे वळलो. त्याच कॉर्नरवर बरोबरीचा गोल झाला. टेकडीवरून आरोळी उठली, छपरावरून उठली. नव्या आसनांवर मात्र कोणी नव्हते.

घरी आलो तेव्हा ती पलंगावर होती. "गोल पाहिलास?" मी विचारले.

"पाहिलं," ती म्हणाली. "सबंध वेळ पाहिलं."

चेहरा शांत होता. गेल्या कित्येक आठवड्यांत तिने प्रथमच दोन चमचे दही मागून घेतले. मला वाटते, आता उतार पडेल.

१३ एप्रिल

नेव्हेना रविवारी सकाळी गेली. काल दफन झाले.

डॉक्टर म्हणाले, निदान जुलैमध्येच झाले होते. जुलैमध्ये! सीइकाला ठाऊक होते, इस्क्राला, बोन्चोला, बसच्या चालकालाही. तोच तिला रुग्णालयाच्या दारात उतरवीत असे. मी पुढच्या रांगेत बसून बचाव फळीवर बोलत असे त्याच बसचा चालक.

मी सीइकाला विचारले, मला का सांगितले नाही.

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, कळलं की ते माईक सोडून माझ्या उशाशी येऊन बसतील."

"अर्थातच बसलो असतो."

"तेच नको होतं तिला," सीइका म्हणाली. मला याचा अर्थ लागला नाही, आणि तिने सांगितला नाही.

निधनाचे पत्रक मीच लिहिले. या गावातील कित्येकांची लिहिली आहेत. लोक मजकूर घेऊन येतात आणि मी दुरुस्त करून देतो. नाव, वय, 'दुःखी कुटुंबीय'. पुढे एक ओळ स्वतःची लिहावी लागते. ती सुचली नाही. ओळीविनाच छापून आणले आणि इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, मैदानाच्या फाटकावर स्वतः चिकटविले. फाटकावरचे थोडे तिरके लागले. सरळ केले नाही.

२१ मे

परवा चाळिसावा दिवस झाला. उकडलेले गहू, पाव, वाइन. थडग्यावर वाइन ओतली. इस्क्रा काल परत गेली. मला सोबत चल म्हणत होती.

आज मोसमातील शेवटचा सामना, आमच्या मैदानावर, प्रेक्षकांसह. 'अ' गटातून संघाची घसरण पूर्वीच निश्चित झाली होती, तरी आसने भरलेली होती. माझी बंदी संपून बरेच दिवस झाले. सकाळी बोन्चो बोलावायला आला.

"मास्तर, चला. नावं कोण वाचणार?"

"तू वाच."

"मी वाचली की पोरं आपलंच नाव ओळखत नाहीत हो."

त्याला एकेक नाव तीन-तीनदा म्हणावयास लावले आणि पाठविले. माझ्याने जाववले नाही.

सामना सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा स्वयंपाकघरात गेलो आणि नेव्हेनाच्या खुर्चीत बसलो. त्या खुर्चीत मी यापूर्वी कधीही बसलेलो नाही. बुटकी आहे. तिच्यात बसले असता डावीकडचा गोल शेजारच्या इमारतीच्या कोपऱ्याआड जातो. उजवीकडचे अर्धे मैदान पायऱ्यांच्या पत्र्याखाली जाते. मधले वर्तुळही दिसत नाही. दोहोंमध्ये एक अरुंद पट्टी उरते, तेवढीच. सबंध पूर्वार्धात चेंडू तेथे क्वचितच आला.

खुर्ची हातभर सरकविली असती, तर बरेच मैदान दिसले असते. खाली पाहिले. लिनोलियमवर चार पायांचे चार खळगे पडले आहेत, खोल. आजूबाजूला ओरखडा नाही.

आरोळ्या उठत होत्या. गोल कोणी केला ते येथून कळले नाही. निकाल मी अद्याप विचारलेला नाही. त्या पट्टीत टेबल होते, आणि टेबलाशी पाठमोरा बोन्चो. त्याच्या कोटाची कॉलर एका बाजूने आत दुमडली गेली होती. कोणीतरी त्याला सांगावयास हवे होते.

एवढ्या वरून तेही दिसते.